मंगळवारची ताडी

१२ जानेवारी ९७, रविवार

आज दोघांना ताडीच्या मांडवातून उठवलं. बेलापूरकडचे, इस्त्रीचे कपडे, पायांत बूट. आल्या आल्या म्हणे, मावशी दोन बाटल्या भरा. म्हटलं आधी चाखा. म्हणे चाखायचं काय त्यात, ताडी ती ताडी. म्हटलं मग रस्ता तो रस्ता, आलात तसे जा. हसले. मी नाही हसले. गेले.

येईल त्याच्यापुढं मी तीन करवंट्या ठेवते. एकीत आज पहाटे ह्यांनी झाडावरून उतरवलेली, एकीत काल संध्याकाळची, एकीत कालच्या सकाळची, आंबट झालेली. चव फुकट. जी पटेल ती घ्यायची आणि का पटली ते तोंडानं सांगायचं. सासऱ्यांपासूनची रीत आहे, मी बदलणार नाही.

वाशी मार्केटचे जाधव आले होते. मूळ पाटणकडचे, कांद्याच्या गोण्या वाहतात, दर रविवारी येतात. डोळे मिटून चाखतात. आज म्हणाले, “बाई, हे दोन नंबरचं झाड न्हवं, धा नंबरचं हाय.” बरोबर होतं. असं गिऱ्हाईक पाहिजे.

वही सुनंदानं आणली कॉलेजातून. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण माझं मला वाचता येतं, बास झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मंगळवार म्हणून गावदेवीचा उपास. उपासाला ताडीला हात लावत नाही, तोंड तर नाहीच. मंगळवारी गाळायचं, वाढायचं धाकटा दीर काशिनाथ बघतो. मी नुसती बसून पैसे घेते आणि पोटात कावळे.

तिळगूळ वाटले. गोड बोलायला कोणी सांगू नये मला.

२० जानेवारी, सोमवार

काशिनाथशी भांडण. (पुढं नुसतं का. लिहीन, बोटं दुखतात.)

बांधावर आपली चोवीस ताडाची झाडं. खालची भाताची जमीन सरकारात गेली, तिथं बिल्डिंगांचे पिलर उभे राहतायत. ही गावठाणातली म्हणून वाचली. त्यातली चौदा यंदा चालू, दहा मोकळी. दोन वर्षं झाड चालवायचं, तिसऱ्या वर्षी विसावा, कोयता लावायचा नाही. मोकळ्या झाडांतल्या मादीचे ताडगोळे उतरतात, तेवढेच.

का. म्हणतो चोवीसच्या चोवीस चालव. कळंबोलीला ट्रकवाले वाढलेत, तिथला एक शेठ सगळी उचलेल.

“आनि वैनी, तुजी ताडी चढत नाय. ड्रायव्हर लोक बोलतात, तीन गिलास पिऊन बी गाडी सरळ चालते.”

“मग वाईट काय झालं?”

“शेठकडं पावडर हाय. चिमूटभर टाकली का—”

पुढं बोलू दिलं नाही. हातातली पळी फेकली. लागली नाही. मुद्दामच बाजूला फेकली होती, पण त्याला काय ठाऊक.

हे कोपऱ्यात दोरी वळत होते. म्हटलं तुम्ही बोला की, तुमचा भाऊ आहे. म्हणाले, “मना काय इचारता. मी चढतो, उतरतो.”

तीस वर्षं झाली लग्नाला, एवढंच ऐकते.

३० जानेवारी, गुरुवार

मडकी धुतली. गरम पाणी, मग पेंढ्याचा धूर, मग ऊन. शेजारीण म्हणाली प्लास्टिकचे डबे आण, फुटत नाहीत. हो, फुटत नाहीत. वास पण सोडत नाहीत.

ताडीचा परवाना का.च्या नावावर आहे हे मला आजकाल खटकतं. सासरे गेले तेव्हा तोच एक दहावी झालेला. फॉर्मवर सही करायला शिकलेला माणूस पाहिजे म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचं नाव घातलं. झाडं मात्र दोघा भावांच्या नावावर. तेव्हा कोणाला वाटलं नाही की

सुनंदा हाक मारतेय. जाते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज चांगली गर्दी. गेल्या मंगळवारी पण होती. ट्रकवाले आले, रिक्षावाले आले, ओळखीचे नाहीत असे पण आले. दोन वाजेपर्यंत सगळं संपलं. का. खूश, म्हणाला, “बग वैनी, तुज्या उपासाला देवी पावली.”

भांडणानंतर पहिल्यांदा सरळ बोलला. मी पण सरळ बोलले. बिचारा राबतो मंगळवारी एकटा. पळी फेकायला नको होती.

संध्याकाळी देवीला एक नारळ जास्त फोडला.

२३ फेब्रुवारी, रविवार

खारघरात नव्या बिल्डिंगा बांधणाऱ्यांपैकी तिघं आले, एक चष्मेवाला. तीनही करवंट्या नीट चाखल्या. दुसरी पटली म्हणाला, आणि कारण पण सांगितलं, “गोडी उतरलीय, पण आंबट झाली नाही अजून.” शहाणा माणूस. मग म्हणतो, “मावशी, परदेशात द्राक्षाच्या मळ्यात अशीच चव देतात. वाइन. त्याचे पैसे घेतात नुसते चाखायचे.”

म्हटलं, “चाखायचे पैसे? आणि आवडली नाही तर?”

“तरी घेतात.”

“मग ते पण तिकडचे काशिनाथच.”

त्यांना कळलं नाही. का. ला कळलं, बाहेर जाऊन विडी पेटवली.

चष्मेवाला विचारत होता झाडं मोकळी का ठेवता. म्हटलं तुम्ही रविवारी सुट्टी का घेता?

५ मार्च, बुधवार

सुनंदाच्या कॉलेजच्या फॉर्मवर ‘वडिलांचा धंदा : शेती’ असं लिहिलेलं सापडलं. विचारलं कुठली शेती गं, भात कुठं आहे? म्हणाली, “आये, ताडी लिहिलं तर पोरी हसतात. गुत्तेवाल्याची पोर बोलतात.”

एक ठेवून देणार होते. दिली नाही. गुत्ता वेगळा, मांडव वेगळा, हे मी तिला समजावणार किती आणि ती पोरींना समजावणार किती. म्हटलं, तुझा बाप दिवसातून दोनदा चौदा झाडं चढतो, ज्या पोरीचा बाप एक चढेल तिला हसू दे.

ती हसली. मग रडली. आता आत झोपलीय. जेवली नाही.

१८ मार्च, मंगळवार

मंगळवार म्हणजे आता आमच्याकडं बाजार असतो तसा. का. नं दोन नवी बाकडी केली पदरच्या पैशानं. मी कौतुक केलं. गर्दीत करवंट्यांची चव होत नाही म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाला मंगळवारपुरतं राहू दे, तुला तरी कुठं सांगता येतं उपासाला कुठली कशी आहे. खरंच आहे.

बाकीचे दिवस मात्र थंड. कशामुळं ते समजत नाही. तीच झाडं, तेच मडकं. देवीला विचारलं, सगळी बरकत मंगळवारीच का देतेस, थोडी शुक्रवारकडं सरकव.

८ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली. पुरणाचा घास नाही, उपास.

एक ट्रकवाला जाताना म्हणतो, “मौसी, मंगलवार का माल एक नंबर. बाकी दिन पानी.” पानी म्हणे! ह्यांच्या हातच्या ताडीला! म्हटलं बाकी दिवशी येऊच नको. दिवसभर डोक्यात तेच. माणूस मूर्ख, पण बोलला ते

मंगळवारी हे काय वेगळ्या झाडावर चढतात?

२२ एप्रिल, मंगळवार, चैत्र पुनव, देवीची जत्रा

सगळी ताडी ओतली. नऊ मडकी. उद्या लिहीन.

२३ एप्रिल, बुधवार

लिहितेच.

जत्रेला पहिलं मडकं देवीच्या पायरीवर जातं. ते का. घेऊन गेला सकाळी, ढोल लावून. मी मांडवात. दहा वाजेपर्यंत बाकडी भरली. जाधव आले. मीच जत्रेचं आवतण दिलं होतं. एरवी रविवारचा माणूस, मंगळवारी पहिल्यांदाच आला. गर्दी होती, करवंट्या मांडल्या नाहीत. का. परत येऊन वाढत होता, त्यानंच त्यांना ग्लास दिला. मग तो पुन्हा पालखीकडं गेला.

अर्ध्या तासानं जाधव उठले आणि खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. पाठीवर गोणी घेऊन दिवसभर चालणारा माणूस. मी चिडले. म्हटलं, “कुठनं ढोसून आलात सकाळी सकाळी? इथं नाव माझं जातं.”

“आईच्यान बाई, हितलीच. दोन गिलास.” मग म्हणाले, “पर जीभ माजी वाटंना मला.”

डोळे उघडे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते.

त्यांचा ग्लास उचलला. तळाला होती थोडी. तोंडाला लावली. देवीच्या दिवशी, उपासात, सगळ्या गावासमोर.

आधी गोड. ताडीची गोडी येते आणि जाते. ही जाईना, टाळ्याला चिकटून बसली. मग कडू. मग जिभेचं टोक गेलं. आहे का नाही कळेना.

तेव्हा एका क्षणात सगळे मंगळवार डोळ्यांसमोर आले. फेब्रुवारीपासून सगळे.

मडकी हातानं उचलून एकेक ओतली. लाथ मारली नाही, ताडीला लाथ मारत नाही आम्ही. लोक ओरडायला लागले. “बाई पागल झाली,” “पैसे दिये है मौसी.” पैशाचा डबा उलटा केला बाकड्यावर, म्हटलं घ्या ज्याचे त्यानं.

का. पळत आला, कपाळाला गुलाल.

“वैनी, काय करतंस! जत्रेच्या दिवशी!”

“काय घातलंस ह्यात?”

“काय नाय घातला.”

“मंगळवारी काय घालतंस, काशिनाथ?”

कपाळाचा गुलाल पुसायला लागला.

“मंगळवारीच कशाला?”

मग खाली बघून म्हणाला, “बाकी दिवशी तू चाखतंस.”

एवढंच बोलला. चोराला पण माझ्या जिभेवर भरवसा होता, आणि मी त्याला बाकड्यांसाठी शाबासकी देत होते.

विचारलं, देवीला नेलंस ते मडकं? म्हणाला ते चांगलं होतं. म्हटलं कोणी चाखलं?

हे तेव्हा सात नंबरच्या झाडावर होते. वरून सगळं दिसलं असणार. खाली आले, कमरेचं मडकं सोडून माझ्यापुढं ठेवलं आणि विहिरीकडं गेले. भावाकडं बघितलं नाही. माझ्याकडं पण नाही.

जाधवांना रिक्षात घालून पनवेलला डॉक्टरकडं नेलं. संध्याकाळी पाचला नीट बोलायला लागले. पहिलं काय बोलावं माणसानं? “बाई, ती कुटल्या झाडाची होती?”

२५ एप्रिल, शुक्रवार

देवळापाशी बायकांनी मला घेरलं. उपास मोडलास, जत्रेत मडकी पालथी केलीस, देवीचा कोप होईल, गावावर येईल. सगळ्या बोलतायत. पावडर घातली त्याबद्दल एकीनं तोंड उघडलं नाही. म्हटलं, गावावर यायचं ते फेब्रुवारीपासून दर मंगळवारी येत होतं, तुमचे नवरे पीत होते, तेव्हा कुठं होतात?

एकजण म्हणाली, “माजा तर मंगळवारी लवकर झोपायचा, बरा वाटायचा.”

मी चपला काढल्या.

आत जाऊन देवीशी पण बोलून घेतलं. उपास मोडला, हो मोडला. तुझ्या नावानं मी तोंड बंद ठेवलं आणि त्या बंद तोंडाआड हे चाललं होतं. जास्तीचे नारळ फोडले मी त्याचे. तू एक इशारा दिला असतास. काही बोलली नाही. देवी पण ह्यांच्यासारखीच.

जाधव संध्याकाळी येऊन गेले, दोन किलो कांदे घेऊन. चालणं ठीक आहे. सोमवारपासून कामावर.

४ मे, रविवार

का. वेगळा निघाला. बायको-पोरांसकट कळंबोलीला, शेठनं खोली दिलीय. जाताना दारातून बोलला, आत आला नाही.

“परवाना माज्या नावाचा हाय वैनी. जूनला नवा करीन, चोवीस झाडांचा. माल शेठकडं जाईल. तू मांडवात बस नायतर देवळात बस.”

“झाडावर कोण चढेल तुझ्या? तू? तुला शिडीवर चक्कर येते.”

“मानसा मिलतात.”

“मिळतील. दहा मोकळ्या झाडांना कोयता लावतील, आणि तिसऱ्या वर्षी चोवीस खांब उभे राहतील. मग त्याला दिवे लाव.”

हे तिथंच होते, पाय धूत होते. का. त्यांना म्हणाला, “दादा, येतो.” हे म्हणाले, “जेवून जा.”

जेवून जा! मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर गेले. का. जेवला नाही. ते एक बरं.

रागानं लिहितेय पण खरं पण लिहिते. का. चौथीत होता तेव्हा सासरे खाटेला खिळले. त्याची दहावीपर्यंतची सगळी शाळा ह्यांनी झाडं चढून केली. त्याला पहिली चप्पल ह्यांनी घेतली, स्वतः अनवाणी. तो ह्यांना भाऊ नाही, पहिलं पोर आहे. हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

१३ मे, मंगळवार

आता मंगळवारी पण चाखते. सगळ्यांच्या आधी, मांडवात उभी राहून, लोक बघतात तेव्हाच. उपास शनिवारचा धरला. शनिवारी मांडवच बंद ठेवते. चाखणार नाही त्या दिवशी विकणार नाही. हे आता ठरलं.

गिऱ्हाईक? सहा माणसं. दोन नवी बाकडी रिकामी. उन्हात टाकली, पापड वाळवायला बरी आहेत.

उरलेली आंबवून सिरका घातला. काही पिठात घालून घावन केले. फेकायची वेळ नाही आली अजून.

हे रोज उतरवतात, रोज पहिलं मडकं माझ्यापुढं ठेवतात आणि मी चाखेपर्यंत उभे राहतात. पूर्वी ठेवून निघून जायचे. बोलत नाहीत. मी म्हणते ठीक आहे, मग जातात. याचा अर्थ काय लावायचा तो

२६ मे, सोमवार

परवान्याच्या ऑफिसात गेले. सुनंदा बरोबर. तिनंच अर्ज लिहिला, माझ्या नावानं. धंद्याच्या जागी ‘ताडी’ लिहिलं, ठळक. मी बघितलं, काही बोलले नाही.

कारकून म्हणाला, “बाईच्या नावावर? नवरा काय करतो?”

“चढतो.”

“मग त्यांच्या नावानं करा.”

“ते बोलत नाहीत. परवान्याला बोलणारं माणूस लागतं.”

आतल्या साहेबांना ऐकू गेलं, त्यांनी आत बोलावलं. माणूस नीट होता, बसा म्हणाला. सगळं सांगितलं. दीर आहे म्हणून झाकायचं मला जमत नाही. सुनंदा टेबलाखालून चिमटे काढत होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती ताडी कुठं आहे?”

“ओतली.”

“सगळी?”

“सगळी. नऊ मडकी.”

“एक बाटली ठेवायची बाई. तपासायला पाठवली असती. आता मी कशावर विश्वास ठेवू?”

तिथं खुर्चीत बसून माझं तोंड पहिल्यांदा बंद झालं. गावासमोर मोठी मर्दुमकी केली, आणि पुरावा स्वतःच्या हातानं मातीत मुरवला. एक बाटली. एक!

साहेब म्हणाले, “त्याच झाडांवर दोन परवाने होत नाहीत. झाडं दोघा भावांची, अर्जदार सोडून एका मालकाची सही पाहिजे. तुमच्या दिरांचा अर्ज आला तर त्यावर तुमच्या यजमानांची संमती लागणार. तुमच्या अर्जावर पण त्यांचीच. ते ज्याच्यावर सही करतील त्याचा अर्ज पुढं जाईल.”

म्हणजे तीस वर्षं जो माणूस चढतो-उतरतो एवढंच बोलला, सगळं त्याच्यावर.

घरी येताना बसमध्ये सुनंदा म्हणाली, “आये, बाबा करतील सही.” म्हटलं कुठल्या? ती खिडकीबाहेर बघायला लागली.

६ जून, शुक्रवार

हंगाम संपला. दोऱ्या उतरवल्या, मडकी माळ्यावर पालथी घातली. चौदा झाडांवरच्या कोयत्याच्या खुणा ह्यांनी चिखलानं लिंपल्या.

का. आला. त्याचा अर्ज घेऊन, चोवीस झाडांचा. ह्यांच्यापुढं मांडी घालून बसला. माझ्यासमोरच बोलला, ते बरं केलं.

“दादा, मी चुकलो. पावडर नाय घालनार. शेठला सांगितला. पन मांडवात सहा मानसं येतात, तुज्या गुडघ्याला पट्टी बांधलेली असते. किती वरसं चढशील? शेठ मानसा देतो. तू बसून खा.”

गुडघ्याचं खरं आहे. मला दिसत नाही असं नाही.

मी म्हटलं, “शेठला सांगितलं, आणि शेठनं ऐकलं? मग त्याला तुझी झाडं कशाला पाहिजेत? त्याला परवान्यावर दाखवायला झाडाचा नंबर पाहिजे, ताडी त्याची पिंपात होते.”

“तुजा कोनावरच विश्वास नाय.”

“जिभेवर आहे.”

हे दोघांचं ऐकत होते. पट्टी सोडली, पुन्हा बांधली. म्हणाले, “कागद ठेव.”

का. नं ठेवला. आता दोन्ही अर्ज फळीवर आहेत, घड्याळाखाली. सुनंदानं दोन्ही त्यांना वाचून दाखवले, एकही शब्द न गाळता. मी सांगितलं होतं तिला, त्याचा पण नीट वाच.

९ जून, सोमवार

साहेबांचा निरोप, गुरुवारी दहा वाजता झाडं बघायला येतो, सही त्यांच्यासमोर व्हायला पाहिजे.

गावातले दोघं समजवायला आले. म्हणे चांगुणाबाई, घर मोडू नकोस, भावाभावांत पडू नकोस. म्हटलं मी भावाभावांत नाही, मी झाडांत आणि पावडरीत पडलेय, तुम्ही कुठं उभे आहात ते बोला. चहा न घेता गेले. साखर वाचली.

ह्यांनी माझ्याविरुद्ध सही केली तर काय, याचा पण विचार केला. मांडवातून उठणार नाही. शेठची माणसं कोयते घेऊन येऊ देत, दहा मोकळ्या झाडांखाली खाट टाकीन. माझ्या अंगावरून चढा म्हणावं.

११ जून, बुधवार

उद्या दहाला साहेब.

आज संध्याकाळी हे फळीपाशी उभे राहिले बराच वेळ. मग सुनंदाकडं पेन मागितलं. मी भाकरी थापत होते, पाठ त्यांच्याकडं, पण कान कुठं पाठ करतात, आणि मान वळतेच.

त्यांना सही येते, पण कधी लागत नाही. शेवटची केली ती सुनंदाच्या शाळेच्या दाखल्यावर. कॅलेंडरचा फाटलेला महिना घेतला, मागच्या कोऱ्या बाजूला नाव लिहिलं. बघितलं. पुन्हा लिहिलं. सुनंदाला विचारलं, “ह्यो काना बरोबर हाय?” तिसऱ्यांदा लिहिलं, सावकाश, झाडाला कोयता लावतात तसं. तिसरं चांगलं आलं. तो कॅलेंडरचा कागद घडी करून खिशात घातला.

कुठल्या अर्जावर ते बोलले नाहीत. सुनंदा माझ्याकडं बघत होती, आता आये विचारेल म्हणून. नाही विचारलं. तव्यावरची भाकर करपली, तरी नाही विचारलं.

माझा अर्ज वर होता, का.चा खाली. फळीपाशी उभं राहून त्यांनी दोन्ही उचलले, तेव्हा खालीवर झाले असणार. जेवण झाल्यावर जाऊन बघितलं. का.चा वर होता.

माझा पुन्हा वर ठेवला.

सकाळी उठून परत बघीन.